सोडणं आणि देणं

इंग्रजीतले मोठे शब्द मुलांना घाबरवत नाहीत, घाबरवतात ते छोटे. 'ॲग्रिकल्चर'चं स्पेलिंग पोरं घोकून घोकून पाठ करतात. पण 'अप', 'ऑफ', 'इन', 'आउट' ही चिटुकली मंडळी एखाद्या साध्यासुध्या क्रियापदामागे जाऊन उभी राहिली, की वर्गातल्या हुशार मुलाचाही चेहरा पडतो. 'गिव्ह' म्हणजे देणे, हे पाचवीतल्या पोराला ठाऊक असतं. 'अप' म्हणजे वर, हेही ठाऊक असतं. मग 'गिव्ह अप' म्हणजे वर देणे का नाही? माझ्या एका विद्यार्थ्याने 'ही गेव्ह अप स्मोकिंग'चं भाषांतर 'त्याने वर धूर दिला' असं केलं होतं. मी त्याला अर्धा गुण दिला. चित्र तर डोळ्यांसमोर उभं राहिलं ना!

मंडळी, मी स्वतः मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेली पिढी आमची. नगर जिल्ह्यातल्या (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण बोलण्यात जीभ अजून 'नगर'वरच जाते) गावोगावच्या शाळांत मराठी शिकवता शिकवता गरजेपोटी इंग्रजीही शिकवलं. त्यामुळे इंग्रजीकडे मी नेहमी मराठीच्या खिडकीतूनच पाहिलं. त्या खिडकीतून 'गिव्ह अप' कसं दिसतं, ते आज मांडावंसं वाटतंय. कारण या दोन शब्दांशी माझं गेल्या काही वर्षांत जरा जास्तच देणं-घेणं झालं. ते पुढे सांगतेच.

आधी अर्थ पाहू. सिगारेट गिव्ह अप केली, तर ती सोडली. कोडं सुटेना म्हणून गिव्ह अप केलं, तर हार मानली, नाद सोडला. डॉक्टरांनी रोग्याला गिव्ह अप केलं, तर हात टेकले. चोराने स्वतःला पोलिसांकडे गिव्ह अप केलं, तर तो शरण आला, हजर झाला. नोकरी गिव्ह अप केली, तर राजीनामा दिला. कुणी स्वतःला एखाद्या कामाला गिव्ह अप केलं, तर त्याने वाहून घेतलं. आणि जुन्या बायबलच्या इंग्रजीत 'गिव्ह अप द घोस्ट' म्हणजे चक्क प्राण सोडणे. (याचं 'भूत सोडले' असं भाषांतरही मी तपासलेलं आहे!)

इंग्रजीत याचे जे समानार्थी शब्द आहेत, त्यांचाही ताफा मोठा आहे. क्विट, सरेंडर, अबँडन, रिनाउन्स, रिलिंक्विश, फर्सेक, यील्ड... सगळ्यांत काहीतरी हातातून जातं. फरक इतकाच, की ते कसं जातं आणि जाताना हाताला काय वाटतं.

आपल्याकडे या सगळ्यांचा भार एकटं 'सोडणे' वाहतं. आता हा शब्दही काही साधा नाही बरं का. गाय दाव्याची सोडतात, बाण धनुष्याचा सोडतात, लेकीला सासरी सोडून येतात. उपास सोडणे म्हणजे उपाशी राहणं थांबवून जेवायला बसणे, हे इंग्रजाला समजावून सांगा पाहू! 'शाळा सुटली' म्हटलं की पोरं टाळ्या पिटतात, आणि 'शाळा सोडली' म्हटलं की घरात चूल गप्प होते. एका मात्रेचा आणि एका अक्षराचा फरक.

'शाळा सोडल्याचा दाखला' हा कागद मी शेकड्यांनी लिहिला असेल. त्यात 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. आमच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला उचल घेऊन ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ज्या जिल्ह्यात १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला ही कोयत्याची माणसं. आईबापांबरोबर पोरंही फडावर जातात. त्यांतली काही परत येऊन वर्गात बसतात. काही येत नाहीत. इंग्रजी त्यांना 'ड्रॉप आउट' म्हणतं, म्हणजे गळून पडलेली. जसं काही पिकलं पान! मी दाखल्यावर 'पालकांचे स्थलांतर' असं लिहायची. ते खरंही असायचं. पण सोडणारं ते पोर नसायचं. त्याच्या हातून ती सुटलेली असायची. 'सोडणे' आणि 'सुटणे' यांतला हा फरक व्याकरणात सकर्मक-अकर्मक म्हणून दोन ओळींत संपतो. गावात तो संपत नाही.

आता 'पाणी सोडणे' घ्या. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं, म्हणजे ती गेली असं समजून आशा सोडली. मूळ आहे दानाच्या विधीत. दान देताना हातावरून उदक सोडायचं, म्हणजे आता ही वस्तू माझी नाही. पण आमच्या दुष्काळी भागात 'पाणी सोडलं' ही वर्षातली सगळ्यात गोड बातमी! मुळा धरणाचं आवर्तन सुटलं, भंडारदऱ्याचं सुटलं, की कालव्याकाठी रात्रभर बॅटऱ्या हलतात. आणि पुन्हा याच दोन शब्दांवरून आमच्याकडे मोर्चेही निघतात. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आणलं, तेव्हापासून पाऊस कमी झाला की नगर-नाशिकच्या वरच्या धरणांतून खाली जायकवाडीला पाणी सोडायचा प्रश्न येतो. वरचा म्हणतो, आम्हाला आमच्या पाण्यावर पाणी सोडायला लावता. खालचा म्हणतो, नदी काय तुमची एकट्याची? दोघांचंही ऐकलं की दोघंही खरे वाटतात. असो. तो विषय मोठा आहे.

'सोडा' हा शब्द इतिहासातही आमच्या नगरला येऊन भिडला आहे. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर ठराव झाला. इंग्रजीत 'क्विट इंडिया', हिंदीत 'भारत छोडो', मराठीत 'चले जाव'. आणि 'सोडा' म्हणणाऱ्या काँग्रेसच्या वरिष्ठ नेत्यांना सरकारने पकडून ठेवलं कुठे, तर आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथेच १९४४ साली लिहिलं. त्याच किल्ल्यात मौलाना आझाद होते. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नी कलकत्त्यात आजारी होत्या, त्यातच वारल्या. सुटकेसाठी सरकारकडे विनंती करायला मौलानांनी नकार दिला होता. इंग्रजीत 'गिव्ह अप'ची एक धाकटी बहीण आहे, 'गिव्ह इन', म्हणजे दबावापुढे नमणे. त्या माणसाने घराची शेवटची भेट गिव्ह अप केली, पण तो गिव्ह इन झाला नाही. दोन चिमुकल्या शब्दांत एवढा मोठा फरक असतो, हे किल्ल्याचा खंदक पाहताना मला नेहमी आठवतं.

तिथून काही मैलांवर हिवरेबाजार. सगळ्यांना माहीत असलेलं गाव, म्हणून जास्त सांगत नाही. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने त्या गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी केली, श्रमदान केलं. शेतीसाठी बोअर घ्यायचं सोडलं, ऊस आणि केळी लावायचं सोडलं. नीट पाहिलं तर गावाने आधी मिळवलं काहीच नाही, आधी सोडलं. मग पाणी आलं. इथलं सोडणं शहाणपणाचं होतं, कारण ते सगळ्यांनी मिळून केलं आणि काय सोडतोय, कशासाठी सोडतोय, हे सोडणाऱ्याला माहीत होतं. एकट्या गरिबालाच सोडायला लावलं असतं तर?

एक गंमत पाहा. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला धावली ती पुणे-नगर मार्गावर. तेव्हा एसटीतल्या जागेवर बोलायचा आम्हा नगरकरांना थोडा जास्तच अधिकार! इंग्रजीत बसमधली जागा 'गिव्ह अप' करतात. अमेरिकेत १ डिसेंबर १९५५ ला माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या काळ्या बाईंनी गोऱ्या प्रवाशासाठी आपली जागा गिव्ह अप करायला नकार दिला, आणि पुढे केवढं आंदोलन झालं. आता हे मराठीत सांगायचं तर दोन वाक्यं होतात. 'म्हातारीला जागा दे' आणि 'ए, जागा सोड'. पहिल्यात माया आहे, दुसऱ्यात दमदाटी. रोझाबाईंना कुणी 'जागा दे' म्हटलं नव्हतं, 'सोड' म्हटलं होतं. इंग्रजीत दोन्हीला 'गिव्ह अप'च. आपल्याकडे देणं वेगळं आणि सोडणं वेगळं.

२०१५ साली केंद्र सरकारची गॅसच्या सबसिडीबद्दल 'गिव्ह इट अप' मोहीम आली होती, आठवते ना? एक कोटीहून जास्त घरांनी सबसिडी सोडली. तिचं मर्म असं होतं, की तुम्ही सोडा म्हणजे ती गरिबाच्या चुलीला मिळेल. म्हणजे सोडण्याच्या पोटात देणं होतं. माणसं सहज तयार झाली, कारण सोडलेलं कुठे जातंय हे त्यांना सांगितलं होतं.

याच्या अगदी उलट शब्द म्हणजे 'टाकणे'. टाकण्यात देणं नाहीच. नवऱ्याने टाकलेली बाई, हे आपण किती सहज बोलतो! संगमनेरच्या वकील निशा शिवूरकर यांच्या पुस्तकाचं नावच 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' असं आहे. 'परित्यक्ता' या संस्कृत शब्दाने जे झाकलं जातं, ते 'टाकलेली' म्हटलं की उघडं पडतं. भाषेने कधीकधी असं उघडं पाडलेलं बरं.

आणि आता मी ज्यासाठी लिहायला बसले, त्या शब्दाकडे येते. 'हक्कसोड'.

माझे वडील २००१ साली गेले. आमची साडेसात एकर जिरायत जमीन. दोन भाऊ, आम्ही तिघी बहिणी. सात-बारावर पाचही वारसांची नावं लागली आणि वीस वर्षं तशीच राहिली. जमीन भाऊच कसत होते, आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग २०२२ मध्ये भाच्या-पुतण्यांच्या पिढीने कागद काढले. कर्ज घ्यायचं, शेततळं करायचं, तर बहिणींचं हक्कसोडपत्र हवं. पुतण्याचा फोन आला. "आत्या, एक सही तर करायची आहे. तुला पेन्शन आहे, तुला काय कमी आहे? सोडून दे ना."

पुतण्या गुणी आहे, हे आधीच सांगते, कारण तो हे वाचणार आहे. तो बोलला ते सगळीकडे बोलतात तेच. अक्काने त्याच महिन्यात दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन अंगठा दिला, साडी नेसून परत आली. धाकटी बहीणही निघाली होती. ती तिशीत विधवा झाली, लोकांचे कपडे शिवून तिने दोन मुलं मोठी केली. तिला पेन्शन नाही. मी तिला विचारलं, "तू का सोडतेस?" ती म्हणाली, "ताई, नाही सोडलं तर माहेर सुटेल."

सोडलं नाही तर सुटेल. मी आयुष्यभर सकर्मक-अकर्मक शिकवलं, पण त्याचं इतकं अचूक उदाहरण मला फळ्यावर कधी लिहिता आलं नव्हतं.

त्या दिवसांत मी नेवाशाला गेले होते. ज्ञानेश्वरी तिथे १२९० मध्ये सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसले असं मानतात, तो पैसाचा खांब आजही आहे. देवळात बसले असताना लक्षात आलं, की गीतेचा अठरावा अध्याय सुरूच होतो तो समानार्थी शब्दांच्या प्रश्नाने! अर्जुन विचारतो, संन्यास आणि त्याग या दोहोंत फरक काय? म्हणजे रणांगणावरही शब्दांची फोड महत्त्वाची होती, आमच्यासारख्या मास्तरणींना केवढा दिलासा! उत्तरात सांगितलंय, की कामनेपोटी करायची कर्मंच सोडणं हा संन्यास आणि सगळ्या कर्मांचं फळ सोडणं हा त्याग. पुढे त्यागाचेही तीन प्रकार केलेत. मोहाने, न समजता सोडलं तर तामस. त्रासाच्या भीतीने सोडलं तर राजस, आणि अशा त्यागाचं फळ मिळत नाही असंही स्पष्ट म्हटलंय. कर्तव्य करत राहून आसक्ती आणि फळ सोडलं तर सात्त्विक.

गीतेत हे कर्माबद्दल आहे, दीड एकर जमिनीबद्दल नाही, हे मला कळतं. तरी मी तो मापदंड घेतलाच. अक्काचं सोडणं न समजता, कारण तिला कागद कुणी वाचूनच दाखवला नव्हता. धाकटीचं सोडणं भीतीने. आणि माझं? मला खरंच जमीन नको होती. पण नको असणं आणि सोडणं यांतही अंतर आहे.

मग मी कायदा वाचला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या हिश्शात मुलींना वाटा दिला होता, पण वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः हक्क मुलांचाच. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींनाही तो दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे आम्ही तिघीही बाहेर! ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, की २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानेच आहे. मिळायला इतकी वर्षं लागलेली गोष्ट, आणि सोडायला एक सही!

हक्कसोडपत्राच्या मसुद्यात एक वाक्य होतं, की हा दस्त मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देत आहे. मी धाकटीला ते तीनदा वाचून दाखवलं आणि म्हटलं, यातला एकेक शब्द खरा असेल तरच सही कर. तिने सही केली नाही.

माझ्यापुरतं मी ठरवलं, की सोडायचं नाही, द्यायचं. वकिलांनी सांगितलं त्याप्रमाणे आधी वाटप करून हिस्से वेगळे झाले, मग मी माझा दीड एकर धाकटीला बक्षीसपत्राने दिला. जमीन माझ्या हातून तेवढीच गेली, जेवढी हक्कसोडीने गेली असती. गुंठाही कमी-जास्त नाही. पण हक्कसोडपत्रात मी नुसती पुसली गेले असते. बक्षीसपत्रात देणारी म्हणून माझं नाव आहे, घेणारी म्हणून तिचं आहे. 'गिव्ह अप'मधलं 'गिव्ह' मला इतक्या वर्षांनी असं सापडलं.

घरात सगळं गोड झालं असं नाही. थोरला भाऊ समजला. धाकट्याचं बोलणं अजून मोजकंच आहे, आणि एका भाऊबीजेला ओवाळणीचं ताट तसंच राहिलं. अक्का म्हणते, तू उगाच वाद ओढवून घेतलास. तिच्यापुरतं ते खरं असेल. मीही तिला कमी लेखत नाही, तिच्या पिढीत माहेर हीच जमीन होती.

ते तीन एकर आता पुतण्याच कसतो, निम्म्या वाट्याने. गेल्या खरिपात बाजरी आणि तूर होती. धाकटीच्या दारात त्याने स्वतः पोती उतरवली, आणि तिने त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. शेततळ्याचंही आता चाललं आहे, तिच्याही सहीने.

आपल्या कागदांमध्ये बहिणींसाठी 'हक्कसोड' हा एकच शब्द तयार छापलेला असतो. तुमच्या गावाकडे, तुमच्या आजी-आत्यांच्या बोलण्यात यासाठी दुसरा काही शब्द असेल, ज्यात सोडणाऱ्या बाईला थोडी तरी जागा असेल, तर मला जरूर कळवा. मी शोधते आहे.